बँड मोडल्यावर प्रश्न कोणाकडे जातो?

समजा, एका लॅबमध्ये दोघांनी बरीच वर्षं एकत्र काम केलं. मग बिनसलं आणि दोघं वेगळे झाले. एकत्र केलेल्या कामातलं काय कोणाचं होतं, हे तुम्ही कसं ओळखाल? पेपरवरच्या नावांच्या क्रमावरून फारसं कळत नाही. वेगळं झाल्यावर प्रत्येकाने पुढे काय केलं, हे पाहिलं की मात्र बरंच कळतं. आज मी अशीच एक केस घेतोय, पण ती विज्ञानातली नाही, संगीतातली आहे.

स्पेसमेन थ्री हा इंग्लंडमधल्या रग्बी या गावचा बँड. १९८२ मध्ये पीटर केंबर आणि जेसन पिअर्स यांनी तो सुरू केला. योगायोग असा की दोघांची जन्मतारीख एकच, १९ नोव्हेंबर १९६५. केंबर पुढे ‘सॉनिक बूम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. यांच्या संगीताला सायकेडेलिक ड्रोन-रॉक म्हणतात. इथे ड्रोन म्हणजे उडणारं यंत्र नव्हे, तर मागे अखंड चालू राहणारा सूर. तानपुरा जे काम करतो, तेच. कॉर्ड जितक्या कमी तितकं बरं, हा केंबरचा बाणा.

‘एकच सूर चार मिनिटं? कंटाळा नाही येत?’ असं विचारणाऱ्यांसाठी थोडं भौतिकशास्त्र. ११० हर्ट्झ आणि ११०.५ हर्ट्झ असे दोन सूर एकत्र वाजवा. कान त्यांना दोन सूर म्हणून वेगळं करत नाही. एकच सूर ऐकू येतो, पण दर दोन सेकंदांनी तो फुगतो आणि ओसरतो. यालाच आपण विस्पंद म्हणतो, अकरावी-बारावीला शिकलोय. तानपुऱ्यात तर आणखी गंमत आहे. तार जिथे छेडली जाते तिथेच ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो, तो उपस्वर जुन्या नियमानुसार ऐकूच यायला नको. तानपुऱ्यात तो ऐकू येतो. घोडीचा वक्र पृष्ठभाग आणि जवारीचा दोरा यांमुळे हे घडतं, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. म्हणजे ‘काही बदलत नाही’ असं वाटणाऱ्या सुराच्या आत बरंच काही हलत असतं. फक्त बाकीची गर्दी कमी केली तरच ते ऐकू येतं.

केंबरचा प्रश्न हाच आहे, असं माझं वाचन आहे: सुरात किती कमी बदल केला तरी त्याचं संगीत राहतं?

हा प्रश्न बँड असतानाच दिसतो. ऑगस्ट १९८८ मध्ये लंडनजवळ ब्रेंटफर्डच्या वॉटरमन्स आर्ट सेंटरमध्ये, सिनेमाची वाट पाहणाऱ्या लोकांसमोर, त्यांनी पाऊण तास जवळजवळ एकाच सुरावर काढला. ते ध्वनिमुद्रण पुढे ‘ड्रीमवेपन’ नावाने निघालं. उपशीर्षकात ‘समकालीन सितार संगीत’ असं म्हटलंय, पण सितार औषधालाही नाही, सगळ्या गिटारच आहेत! तरी नाव अगदीच वाऱ्यावरचं नाही. यामागची प्रेरणा होती अमेरिकन संगीतकार ला मॉन्टे यंग, आणि यंग स्वतः किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. म्हणजे मिरजेत राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच घराण्याची ही एक लांबची वाट.

आता फाटाफुटीकडे. १९९१ चा ‘रिकरिंग’ हा शेवटचा अल्बम अक्षरशः वाटून घेतलेला आहे. एक बाजू केंबरची, दुसरी पिअर्सची, दोघांनी वेगवेगळी मुद्रित केलेली. पिअर्सने स्पिरिच्युअलाइज्ड हा बँड काढला आणि १९९७ मध्ये त्याच्या अल्बमने मोठं नाव कमावलं. व्हायोलिन, ब्रास, गॉस्पेलचा कोरस, सगळा भव्य थाट. त्यामुळे नेहमीचा निकाल ठरलेला असतो: पिअर्स जिंकला, केंबर मागे पडला.

हा निकाल मला पटत नाही. एकाचा सायटेशन काउंट जास्त म्हणून दुसऱ्याचं संशोधन थांबलं, असं म्हणण्यासारखं आहे ते. पिअर्सने ड्रोनवर मजले चढवले. केंबरने बँडमधून एकच व्हेरिएबल उचलला आणि बाकीचं बाजूला ठेवलं. दोन्ही कामं प्रामाणिक आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांना एकाच फुटपट्टीने मोजू नका.

पण केंबरला सरसकट पास करण्याचाही माझा इरादा नाही. बँड मोडल्यावर त्याने कामाच्या दोन वह्या केल्या. पहिली ‘स्पेक्ट्रम’, म्हणजे गाणी. दुसरी ‘एक्सपेरिमेंटल ऑडिओ रिसर्च’, म्हणजे निखळ ध्वनिप्रयोग. नावातच रिसर्च! १९९६ च्या ‘बियाँड द पेल’मध्ये माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा केव्हिन शील्ड्स आणि एएमएम या मुक्त संगीत करणाऱ्या गटाचा एडी प्रेव्हो असे तगडे सहकारी आहेत. नंतर त्याने मुलांना स्पेलिंग शिकवणारी ‘स्पीक अँड स्पेल’ ही बोलकी खेळणी उघडून, त्यांची सर्किट्स मुद्दाम भलतीकडे जोडून आवाज काढले.

इथे माझी तक्रार आहे. खेळण्यांचे हे आवाज पहिल्यांदा ऐकताना मजा येते, पण थोड्या वेळाने लक्षात येतं की ही नोंदवही आहे, पेपर नाही. ‘हे केलं तर असं वाजतं, ते केलं तर तसं.’ बरं, मग? निरीक्षणं भरपूर आहेत, पण त्यांतून निघालेलं विधान नाही. आपल्यातल्या किती जणांच्या पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात हेच असतं, नाही का? उलट स्पेक्ट्रमच्या पहिल्या काही अल्बममध्ये गाणी सुंदर आहेत, पण प्रयोगाची जोखीम कमी आहे. म्हणजे दोन वह्यांनी एकमेकींना उपाशी ठेवलं. बँडमध्ये हे होत नव्हतं, कारण तिथे सूर आणि गाणं एकाच खोलीत भांडत होते.

म्हणूनच त्याचं सर्वात चांगलं काम मला तिथे दिसतं, जिथे या दोन वह्या एकत्र येतात. १९९७ चा स्पेक्ट्रमचा ‘फॉरएव्हर एलियन’ घ्या. जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरचा आवाज इथे सजावट म्हणून येत नाही, गाण्याचा सांगाडाच त्याचा आहे. त्यातल्या एका रचनेला डेलिया डर्बीशायर यांचं नाव दिलंय. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या डर्बीशायर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये असताना १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेचं शीर्षक संगीत प्रत्यक्षात उतरवलं. पुढे त्या संगीतापासून दूर गेल्या होत्या. केंबरने त्यांच्याशी संपर्क साधला, त्यांच्याकडून शिकला, आणि २००१ मध्ये त्या वारल्या तोपर्यंत त्यांचा सल्ला त्याच्या कामाला मिळत राहिला. नव्वदीतला एक नावाजलेला रॉक संगीतकार पुन्हा विद्यार्थी होतो, हे मला कौतुकाचं वाटतं. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे फक्त नावं टाकणं नव्हे, हे यातून घ्या.

त्यानंतर तो बराच काळ इतरांच्या कामात दिसतो: एमजीएमटी, पांडा बेअर, बीच हाउस. आणि मग २०२० मध्ये, सॉनिक बूम या नावाने तब्बल ३० वर्षांनी, अल्बम आला. सुरुवात २०१५ मध्ये निव्वळ सिंथेसायझरच्या तुकड्यांनी झाली होती, शब्द नंतर पोर्तुगालमध्ये सिंत्राला राहताना चढले. आधी प्रयोग, मग त्यातून विधान. दोन वह्यांची एक वही व्हायला इतकी वर्षं लागली. अल्बमचं नाव ‘ऑल थिंग्ज बीइंग इक्वल’. विज्ञानाचा विद्यार्थी हे वाचून हसेलच: ‘इतर सर्व घटक समान असताना’, आपल्या प्रत्येक कंट्रोल प्रयोगाची अट! हा अल्बमही निर्दोष नाही. काही रचना मुद्दा सांगून झाल्यावरही दोन मिनिटं रेंगाळतात. पण इथे तेच तेच येत असताना कान कंटाळत नाही, शोधायला लागतो.

आता तुमच्यासाठी. गाईड बदलेल, ग्रुप फुटेल, फेलोशिप संपेल. तेव्हा उपकरणं आणि डेटा कोणाचा यावर भांडणं होतात. त्याआधी एका कागदावर एका ओळीत लिहून पाहा की यातला तुमचा प्रश्न कोणता. लिहिता आला तर तो घेऊन कुठेही जाता येईल. आणि हेडफोन लावून आधी ‘ड्रीमवेपन’ ऐका, मग २०२० चा अल्बम. मध्ये ३२ वर्षं आहेत, प्रश्न तोच आहे. तुम्हाला उत्तरात प्रगती दिसते की नाही, ते कमेंटमध्ये नक्की सांगा.