घरात घडलेली नाव

नौकानयनाच्या ग्रंथाचे परीक्षण बुलढाण्यासारख्या ठिकाणाहून लिहिले जावे, ह्याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. आमच्या जिल्ह्यातून निघणाऱ्या पैनगंगेचे पाणी वर्धा-गोदावरीच्या वाटेने पूर्वसमुद्रास मिळते आणि पूर्णेचे पाणी तापीतून पश्चिमसमुद्रास जाते. पण जिल्ह्यातले खारे पाणी म्हणावे तर ते लोणारच्या सरोवराचे, आणि त्यास ना भरती ना ओहोटी. डोलकाठी, शीड, सुकाणू हे शब्द आमच्याकडील मुलांस पाठ्यपुस्तकातच भेटतात. तथापि ज्या पुस्तकाचा येथे विचार करावयाचा आहे, त्यातील खरा प्रश्न समुद्राचा नसून अंगणाचा आहे. घरात लहान मुले असता आणि निर्वाहाची विवंचना सुटलेली नसता मनुष्याने महिनोन् महिने पुरणारे मोठे काम हाती घ्यावे काय. आणि घेतलेच, तर ते तडीस जाईपर्यंत घराचे काय होते? विहीर खणणाऱ्यास, कोश रचणाऱ्यास आणि आपल्या हाताने नाव बांधणाऱ्यास हा प्रश्न सारखाच लागू आहे.

जोशुआ स्लोकम ह्याचे नाव एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष म्हणून जगास ठाऊक आहे. १८९५ ते १८९८ ह्या काळातील त्या प्रवासाचे त्याने लिहिलेले वर्णन १९०० साली ग्रंथरूपाने निघाले आणि आजही ते आवडीने वाचले जाते. परंतु त्याच्या दहा वर्षे आधी, १८९० साली, ह्याच गृहस्थाने ‘लिबर्दादे’ नावाच्या नौकेच्या प्रवासावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले होते. थोरल्या ग्रंथाच्या कीर्तीत हे धाकटे पुस्तक झाकले गेले. आमच्या मते हा अन्याय आहे, आणि तो का, हे सांगणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

हकीकत अशी की, १८८७ च्या अखेरीस स्लोकमचे ‘अक्विडनेक’ हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर पारानाग्वाच्या उपसागरात रुतून मोडले. जहाजावर त्याची दुसरी पत्नी हेटी आणि पहिल्या पत्नीचे दोन मुलगे होते: व्हिक्टर सोळाच्या घरात, गारफील्ड अवघा सातांच्या. भग्न जहाज विकून आलेला पैसा खलाशांचे देणे भागविण्यात गेला. तेव्हा परक्या किनाऱ्यावर मदतीची याचना करीत बसण्यापेक्षा आपणच नाव बांधावी आणि तीतून घरी जावे, असा त्याने निश्चय केला. पस्तीस फूट लांबीची आणि साडेसात फूट रुंदीची ही नाव १३ मे १८८८ रोजी पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमधील गुलाम कायद्याने मुक्त झाले, म्हणून तिचे नाव ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले गेले. सुमारे साडेपाच हजार मैल चालून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर हे कुटुंब अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले आणि डिसेंबरअखेर वॉशिंग्टनला पोहोचले.

ह्या पुस्तकाचा सर्वांत सरस भाग नाव बांधण्याचा आहे. लाकूड काही मोडक्या जहाजाचे, काही जवळच्या रानातले. हत्यारे म्हणाल तर कुऱ्हाड, वाकस, करवत, गिरमिट अशी मोजकीच. खिळ्यांसाठी जुने धातू वितळवावयाचे आणि त्यांच्या चकत्यांसाठी तांब्याची नाणी कामी लावावयाची. शिडे हेटीने शिवली. दोरखंड वळणे आणि सुतारकाम ह्यांत थोरला मुलगा बापाच्या बरोबरीने राबला. आमच्या गावी सुताराच्या दारात बैलगाडी सिद्ध होताना ज्याने पाहिली असेल, त्यास हे दृश्य परके वाटणार नाही. बाप चाकाचे आरे बसवितो, पोर तुंबा धरते आणि घरातील बाई भाता ओढते. तेथे काम आणि घर ह्यांच्यामध्ये भिंत नसते. स्लोकमच्या ह्या पुस्तकातही ती नाही. मूल कामाच्या आड येते, ही तक्रार त्यात कोठे उमटत नाही, कारण मुलास कामात जागा दिलेली आहे.

आता थोरला ग्रंथ पाहा. त्यातही नौकाबांधणीचे प्रकरण आहे. फेअरहेवन येथे शेतात पडून असलेली एक जुनी नाव स्लोकमने तेरा महिने खपून नवी केली आणि तीस लागलेला खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, असा सेंटापर्यंतचा हिशेब दिला. गद्य अधिक रेखीव, विनोद अधिक सूक्ष्म, रचना अधिक बांधीव, हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु त्या हिशेबात घराचा रकाना नाही. ते तेरा महिने कुटुंबाचे कसे गेले, हे वाचकास कळत नाही. एकांत हाच त्या ग्रंथाचा रस असल्यामुळे लेखकाने आपल्या माणसांस किनाऱ्यावरच ठेवले, असे त्याचे समर्थन करता येईल, आणि कलेच्या दृष्टीने ते खोटेही नाही. पण ज्या कलेस आपला रस साधण्यासाठी घर वगळावे लागते, तिच्याहून घरासकट रस साधणारी कला अवघड होय. म्हणून आम्ही धाकट्या पुस्तकास थोरले म्हणतो.

तथापि त्याचा एक मोठा दोष सांगितल्यावाचून राहवत नाही. हेटी त्यात शिवते, सोसते, सोबत करते. बोलत मात्र नाही. विवाहास पुरती दोन वर्षेही झालेली नसताना सावत्र मुलांसह परक्या किनाऱ्यावर अडकलेल्या ह्या तरुण स्त्रीस ती पस्तीस फुटांची नाव कशी दिसली असेल? नावेचे नाव ‘स्वातंत्र्य’. पण ते कोणाचे? पुढे पतीच्या पृथ्वीप्रदक्षिणेत ती गेली नाही, ह्या एका गोष्टीत तिचे उत्तर थोडेबहुत ऐकू येते. ह्या बाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात निघाली, आणि ध्येयाच्या मागे धावणाऱ्या पुरुषाचा संसार आतून कसा असतो, हे आपणांस त्या संसाराच्या धनिणीनेच हसतरडत सांगितले. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाने रेव्हरंड टिळक लहान झाले नाहीत. उलट माणूस म्हणून ते अधिक जवळ आले. तसेच एखादे पुस्तक हेटीच्या हातून उतरते, तर स्लोकमही आपणांस असाच जवळचा झाला असता.

कोणी म्हणेल, स्लोकमवर प्रसंग ओढवला होता. हौसेने नाव बांधणाऱ्यास त्याचे माप का लावावे? आक्षेप योग्य आहे, पण तो उलट दिशेने कापतो. संकटात घरच्यांनी दिलेली साथ गृहीत धरता येते. हौसेत ती मागावी लागते आणि तिचे ऋण मान्य करावे लागते. आपल्याकडेही हे क्षेत्र आता परके राहिलेले नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी १९६८-६९ साली ३१२ दिवसांत न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘सुहैली’ नौका मुंबईच्या कारागिरांनी सागवानात घडविली होती. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी ह्यांच्या प्रेरणेने आणि नॉक्स-जॉन्स्टन ह्यांच्या मार्गदर्शनाने कमांडर दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात बांधली गेली. दोंदे ह्यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात ह्या बांधणीस मोकळेपणाने जागा दिली आणि प्रदक्षिणेचे श्रेय वाटून घेतले, हा त्याचा मोठा गुण होय. पण कारखान्यातील नाव आणि अंगणातील नाव ह्यांत अंतर आहे. अंगणातल्या नावेची गोष्ट, रविवार एका फळीत गेला, मुलाचा ताप दुसऱ्या रविवारी आडवा आला, आणि तरीही काम पुरे झाले, अशी गोष्ट मराठीत कोणी लिहील तर तिचे आम्ही अगत्याने स्वागत करू.

ती वाचताना कसोटी मात्र हीच राहील: नाव किती मैल गेली हे नव्हे, तर ती पुरी होईपर्यंत घरातील कोणकोणाचे हात तीस लागले आणि लेखकाने ते ओळखले काय. स्लोकमपुरता ह्या कसोटीचा निकाल एका साक्षीदाराने दिला आहे. लिबर्दादेचे दोर वळणाऱ्या व्हिक्टरने पुढे आपल्या पित्याचे चरित्र लिहिले. ते १९५० साली प्रसिद्ध झाले. पोरवयात बापाच्या कामात ज्यास हात घालू दिला, त्या मुलास पुढे ते काम सांगण्यासारखे वाटले. अर्धी साक्ष अशी मिळाली. शिडे शिवणारीची उरलेली अर्धी मात्र कायमची राहून गेली.