अल्पमोल प्रतिकृति-तलवारींची पारख

जुन्या पत्राची नक्कल हातीं आली म्हणजे संशोधक पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, ही कोणत्या अस्सलावरून केली? दुसरा प्रश्न, नक्कलकारानें काय गाळलें व पदरचें काय घातलें? आणि तिसरा, ही नक्कल आहे असें तिच्यावर कोठें नमूद आहे काय? कागदांच्या बाबतींत ही चौकशी आपल्या अंगीं मुरली आहे. परंतु तेच गृहस्थ एखादी नवी तलवार विकत घेऊं लागले कीं मुठीची झळाळी, म्यानावरील मखमल आणि किंमत एवढें पाहून पैसे मोजतात. गेल्या कांहीं वर्षांत अशा तलवारींचा सुकाळ झाला आहे. सत्कारसमारंभांत त्या दिल्या जातात, गडांच्या पायथ्याशीं दुकानांतून टांगलेल्या असतात, चार-पांच हजार रुपयांत घरपोंच येतात. त्यांचा तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. अस्सल तलवार प्रत्येकास परवडत नाहीं, आणि परवडली तरी ती फिरवून पाहण्याची वस्तु नव्हे. तें काम चांगल्या प्रतिकृतीनेंच करावें लागतें. पण सध्यां मिळणाऱ्या बहुतेक प्रतिकृति वाईट नकला आहेत, आणि त्या जेथें वाईट आहेत तेथें घेणारा पाहतच नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम अस्सलाचा प्रश्न. बाजारांत मोठा खप 'भवानी तलवारी'चा. आतां साताऱ्याच्या राजघराण्यांत भवानी म्हणून पूजिली जाणारी तलवार एक. १८७५-७६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आला असतां कोल्हापूरकडून त्यास नजर झालेली व आज इंग्लंडच्या राजसंग्रहांत असलेली तलवार दुसरी. यांविषयींचा वाद जाणत्यांस ठाऊकच आहे. दुकानांतील 'भवानी' मात्र या दोहोंपैकीं एकीशींहि मिळत नाहीं. तिला सिंहमुखी पितळी मूठ असते, पात्यास दिखाऊ बाक असतो, आणि म्यानावर खिळ्यांची नक्षी असते. ज्या नकलेस अस्सलच नाहीं तिला प्रतिकृति कां म्हणावें? ती शोभेची वस्तु आहे. त्या नांवानें विकली तर आमची कांहीं तक्रार नाहीं.

याच्या उलट उदाहरण रघूजी भोसले यांच्या तलवारीचें घ्यावें. एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या सोदबीज लिलावांत महाराष्ट्र शासनानें ती घेतली, सुमारें ४७ लाख रुपये खर्च आला, आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टांत ती मुंबईस आली. पातें सरळ, एकधारी, युरोपांत घडलेलें. मूठ मुल्हेरी घाटाची, तीवर सोन्याचें काम. आणि पाठीच्या बाजूस देवनागरींत सेनासाहेबसुभा रघोजी भोसले यांचें नांव व पुढें 'फिरंग' हा शब्द. शस्त्रानें स्वतःची जात स्वतःच सांगावी, असा योग क्वचित् येतो. येथें अस्सल निश्चित आहे, त्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध आहेत. अशा तलवारीवरून केलेली साधी, सोन्यावांचूनची प्रतिकृति दहा सिंहमुखी 'भवानीं'पेक्षां अभ्यासकास अधिक उपयोगी पडेल.

आतां पात्याकडे वळूं. सर्व खोट तेथेंच असते. जुनें पातें मुठीपासून अग्राकडे पातळ होत जातें. मुठीजवळ जें सहा-सात मिलिमीटर जाड, तें अग्राजवळ अडीच-तीनवर येतें. हें पातळ करीत नेण्याचें काम वेळखाऊ असल्यामुळें स्वस्त कारागीर सरळ पत्रा कापतो, त्यास धारेचा आकार देतो, आणि मोकळा होतो. रूपाची नक्कल साधते, पण पातें मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचें राहतें. सारें वजन पुढें लोंबतें. अस्सल तलवार एक किलोच्या आंतबाहेर भरते, फिरंग त्याहून थोडी अधिक. त्यांच्या बाजारी प्रतिकृति दोन किलोंपलीकडे गेलेल्या आम्हीं स्वतः तोलल्या आहेत. यांत केवळ गैरसोय नाहीं, इतिहासाची हानि आहे. असें अवजड लोखंड हातीं घेतलेला तरुण म्हणतो, 'बापरे, पूर्वज काय ताकदीचे होते!' आणि मणभर वजनाच्या तलवारींच्या ज्या दंतकथा आपण पुराव्यानें खोडीत आलों, त्या पुनः जिवंत होतात. पूर्वजांचें कौशल्य तलवार हलकी राखण्यांत होतें. म्हणून खरेदीस जातांना व्हर्नियर व तराजू बरोबर न्यावा. मुठीजवळ, मध्यें व अग्रापासून चार बोटें अलीकडे जाडी मोजावी. तिन्ही ठिकाणीं माप एक आलें तर पुढें बोलणें नको. विक्रेता हंसेल, हंसूं द्यावें.

मुठीविषयीं एक उलटा भ्रम पसरला आहे. युरोपीय तलवारींवरील पुस्तकें वाचून आलेले जिज्ञासु विचारतात कीं, पात्याची शेपटी मुठीच्या पार टोकापर्यंत जाऊन तेथें ठोकून बसविली आहे काय? लांब तलवारीच्या मागें बारीक सळई जोडून काम भागविणें ही स्वस्त मालाची खोड खरीच. ती सांध्यापाशीं मोडते आणि पातें उडून जातें. परंतु हिंदुस्थानी तलवारीची रीत मुळांतच निराळी आहे. येथें शेपटी आंखूड व रुंद असते, आणि लोखंडी पोकळ मुठींत राळेचें मिश्रण तापवून ओतून तींत ती पक्की बसवितात. तेव्हां टोकाशीं ठोकलेली शेपटी आमच्या तलवारींत प्रामाणिकपणाची खूण नसून पदरचें घातलेलें पाठान्तर आहे. राळेनें बसविलेली मूठ हलते काय एवढें पाहावें, आणि असें शस्त्र उन्हांत वा चुलीजवळ ठेवूं नये. राळ मऊ पडते.

मुठीच्या मापाचीहि तीच गोष्ट. जुनी मूठ आंत तीन-सव्वातीन इंच भरते, आणि आजच्या हातास ती अपुरी वाटते. गिऱ्हाइकाच्या समाधानासाठीं ती चार इंचांवर नेली जाते. पण डोक्यावरील तबकडी व परज यांमध्यें पंजा घट्ट बसल्यामुळेंच मनगट मर्यादेंत राहतें आणि ओढून कापण्याचा वार साधतो. मूठ मोठी केली कीं हा सारा हिशेब चुकला. फिरंगेच्या मुठीपासून पात्यावर आलेल्या दोन पट्ट्या पात्यास आधार देण्यासाठीं असतात; प्रतिकृतींत त्या वरून चिकटविलेल्या शोभेच्या निघतात. (मर्दानी खेळांतील लवचिक पट्ट्यास मात्र हे नियम लावूं नयेत, तें खेळाचें साधन आहे आणि आपलें काम चोख करतें.)

पोलादाविषयीं थोडक्यांत. न गंजणारें, म्हणजे साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियमचें पोलाद भिंतीवर शोभतें. लांब पात्यांत तें आघातानें तुटण्याची भीति असते, म्हणून तें फिरवूं नये. मोटारीच्या पाट्याचें, नीट पाणी दिलेलें पोलाद स्वस्त असून विश्वासाचें. अंगावर लाटा उमटलेल्या पात्यास 'जौहरदार' म्हणून अधिक पैसे मागितले तर सावध असावें. जुना जौहर मुशींत आटविलेल्या पोलादाचा. आजच्या लाटा बहुधा थर जोडून वा नुसत्या तेजाबानें उमटविलेल्या असतात.

येथवर वाईट नकलांविषयीं लिहिलें. बनावट हा निराळा अपराध आहे. नवी तलवार तेजाबानें काळवंडून, मातींत पुरून, तीवर नांव व साल कोरून 'वाड्यांतून निघाली' म्हणून दाखविली जाते. अशी एक तलवार आमच्या परिचयाच्या संग्राहकानें मोठ्या आनंदानें पुढें ठेविली. लेख दोन ओळींचा होता. त्यांत 'श' चार वेळां व 'र' पांच वेळां आला होता. भिंगाखालीं चारहि 'श' एकास एक तंतोतंत! हातानें छिन्नी चालविणाऱ्याचीं दोन अक्षरें कधीं इतकीं सारखीं उतरत नाहींत. तो आजच्या छापील वळणाचा ठसा होता. हस्तलिखितें वाचणाऱ्यांस ही परीक्षा शिकविण्याची गरज नाहीं. गरज आहे ती कागदावरची नजर लोखंडावर नेण्याची. शुद्धलेखनावर मात्र निकाल देऊं नये, तें त्या काळीं सैलच होतें.

हाताळणीच्या संवयी प्रतिकृतीवर लागतात आणि अस्सलावर वापरल्या जातात, म्हणून त्या पहिल्यापासून नीट असाव्यात. म्यान धारेच्या बाजूनें बोटांत धरूं नये. जुनें लांकूड विरलेलें असतें आणि उपसतांना धार आरपार येते. दुसऱ्यास देतांना पातें उभें व धार आपल्याकडे ठेवून मूठ पुढें करावी, आणि घेणाऱ्याची पकड बसल्यावरच सोडावें. फिरविण्यापूर्वी प्रत्येक वेळीं मूठ व सांधे तपासावे. पावसाळ्यांत पातें कातडी म्यानांत ठेवूं नये. खंडेनवमीस वाहिलेलें हळदकुंकू दुसऱ्या दिवशीं कोरड्या फडक्यानें पुसून वर खनिज तेलाचा पातळ हात द्यावा; तें तसेंच राहिलें तर महिन्याभरांत डाग पडतात. आमच्या ओळखीच्या एका घरीं प्रतिकृति दर दसऱ्यास चिंचेनें घांसून लखलखीत करीत. पुढें वडिलार्जित धोप हातीं आली. तिलाहि तोच संस्कार झाला. परजेवरचें सोनें आणि मुठीजवळची अर्धी ओळ गेली. त्या ओळींत काय होतें तें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं.

धार बोथटच घ्यावी. १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत धारदार तलवार शस्त्रांत गणली आहे. आपल्या भागांत परवान्याचा नियम काय, तें पोलिस ठाण्यांत आधीं विचारावें. शंभर वर्षांवरील तलवारीस १९७२ चा पुरावस्तु-कायदा लागतो व ती खासगी रीतीनें परदेशीं नेतां येत नाहीं, म्हणून जुनी भासणारी प्रतिकृति बरोबर नेणाऱ्यानें खरेदीची पावती जवळ ठेवावी. आणि प्रत्येक प्रतिकृतीच्या परजेखालीं 'प्रतिकृति' हा शब्द, घडविल्याचें साल व कोणत्या अस्सलावरून केली तें खोल कोरून घ्यावें. कारागीर यास शंभर-दोनशें रुपये अधिक घेतो.