हंपीचें विठ्ठलमंदिर व रिकामा गाभारा

पंढरपूरची विठ्ठलमूर्ति कृष्णदेवरायानें विजयनगरास नेली व भानुदासांनीं ती परत आणिली, ही कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. हंपीस जाऊन आलेले आपले कित्येक प्रवासलेखक तेथील विठ्ठलमंदिराचा गाभारा रिकामा पाहून कथेस पुरावा मिळाला असें लिहितात. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं.

आरोंद्याहून आंबोली घाट चढून बेळगांव, हुबळी, गदग या मार्गानें होसपेट गांठावें आणि हंपीच्या बाजारापासून तुंगभद्रेच्या कांठानें पायीं जावें. वाटेंत अच्युतरायाचें मंदिर लागतें. त्याचाहि गाभारा रिकामाच आहे. परंतु तेथील देव पंढरपुरास गेला असें कोणी म्हणत नाहीं.

पुढें विठ्ठलमंदिरांतील शिलालेख पाहावे. १५१३ सालीं कृष्णदेवरायाच्या राण्यांनीं येथें गोपुरें बांधविलीं. राजा १५२९ सालीं निवर्तला. कथेच्या या रूपाप्रमाणें मूर्ति परतली ती त्याच्या हयातींत. मग १५५४ सालीं, सदाशिवरायाच्या कारकीर्दींत, याच मंदिरांत देवाच्या झोपाळ्याचा मंडप कशासाठीं उभारला गेला? तेव्हां तेथें पूजा चालू होती, हें उघड आहे. रिकाम्या गाभाऱ्याचें कारण १५६५ च्या पराभवानंतर राजधानीची जी लूट झाली, तींतच शोधणें सयुक्तिक होय.

यानें भानुदासांची कथा सर्वस्वीं खोटी ठरत नाहीं. मूर्ति हलविली गेली असेल, तर त्याचा पुरावा पंढरपुरांतील लेखांत व कागदपत्रांत धुंडाळला पाहिजे. हंपीच्या गाभाऱ्यावर तो भार टाकूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.