क्रांती : आकाशातली आणि पुस्तकातली

भूगोलाच्या तासाला आपण फळ्यावर क्रांतिवृत्त काढतो. पुढचा तास इतिहासाचा असतो, त्यात फ्रेंच राज्यक्रांती येते. नंतर शेतीच्या पाठात हरितक्रांती भेटते. एकच शब्द मुलांच्या कानावर तीन तासांना पडतो; पण या तिघींचे एकमेकींशी नाते काय, हे आपण सहसा सांगत नाही. एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, "सर, क्रांतिवृत्तात क्रांती कोणी केली?" तर वर्ग हसतो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

संस्कृतात 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, चालणे, ओलांडणे. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. वर्षभरात तो ताऱ्यांमधून ज्या मार्गाने सरकताना दिसतो ते क्रांतिवृत्त. आणि आकाशातील विषुववृत्तापासून त्याचे उत्तरेला किंवा दक्षिणेला जे अंशात्मक अंतर असते, तिचेच नाव क्रांती. विषुवदिनी ती शून्य असते. २१ जूनच्या सुमारास सर्वांत जास्त, म्हणजे जवळजवळ साडेतेवीस अंश होते. सूर्यसिद्धान्तात ती २४ अंश धरली आहे.

गंमत अशी, की इतर भाषांतही हा शब्द आकाशाशी जोडलेला आहे. 'रेव्होल्यूशन' लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ फिरून मागे येणे. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नावात तो आहे, पण तेथे अर्थ गोलांचे परिभ्रमण एवढाच. 'इन्किलाब' हा अरबी शब्द उलटणे, पालटणे या अर्थाचा. सूर्य ज्या दिवशी माघारी वळतो त्या अयनदिनालाही अरबीत इन्किलाबच म्हणतात.

आकाशातली ही वळणे नियमित असतात. ती आधी गणिताने सांगता येतात आणि फिरून त्याच जागी येतात. आज आपण ज्याला क्रांती म्हणतो ते नेमके याच्या उलट : अचानक घडणारे, परतीची वाट नसलेले. हा पालट सावकाश झाला. इंग्लंडमध्ये १६८८ साली राजा बदलला, त्याला 'वैभवशाली क्रांती' म्हणतात. पण पुढच्याच वर्षीच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात भाषा होती ती प्राचीन हक्क पुन्हा प्रस्थापित करण्याची. म्हणजे चाक फिरून जागेवर येण्याचा अर्थ तेथे अजून शिल्लक होता. १७८९ च्या फ्रान्सनंतर मात्र शब्दातले परतणे गेले आणि उलथापालथ तेवढी उरली. आपल्याकडे ९ ऑगस्टला क्रांतिदिन पाळतात, तो १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनाची आठवण म्हणून आणि या नव्या अर्थानेच.

अर्थ बदलला यात तक्रारीचे काही नाही. शब्द असेच जगतात. तक्रार आहे ती आपण वर्गात या शब्दाचे जे करतो त्याविषयी. 'कोपर्निकसने क्रांती केली' असे एक वाक्य सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. प्रश्न सुरू व्हायला हवेत तेथेच ते संपतात.

प्रत्यक्षात काय घडले? कोपर्निकसने सूर्य मध्याजवळ आणला, पण ग्रहांच्या वर्तुळाकार गती आणि वर्तुळावरची छोटी वर्तुळे कायम ठेवली. त्याच्या पद्धतीने केलेली भाकिते टॉलेमीपेक्षा फारशी अचूक नव्हती. लंबवर्तुळ केप्लरने १६०९ साली आणले. दुर्बिणीतून दिसलेले गुरूचे उपग्रह गॅलिलिओने १६१० साली जाहीर केले. या गतींचे कारण न्यूटनने १६८७ साली मांडले. आणि पृथ्वी फिरत असेल तर ताऱ्यांची स्थाने किंचित बदलताना दिसायला हवीत, ही जुनी शंका बेसेलच्या मोजमापाने १८३८ साली मिटली. १५४३ ते १६८७ ही १४४ वर्षे झाली. एवढ्या सावकाश झालेल्या गोष्टीला अचानक कसे म्हणायचे?

लव्हाझिएचे उदाहरण वेगळे आहे. आपल्या कामाने भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात क्रांती होईल, असे त्याने स्वतःच १७७३ साली टिपणवहीत लिहून ठेवले होते. ज्वलनाची फ्लॉजिस्टन कल्पना त्याने तराजूच्या साहाय्याने मोडीत काढली. पण १७८९ च्या त्याच्या पुस्तकातील मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णताही आहेत! क्रांतिकारकाच्या घरातही जुने सामान असतेच. ऑक्सिजन वेगळा करणारा प्रिस्टली तर शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनच मानत राहिला. खुद्द लव्हाझिएला १७९४ साली दुसऱ्या, राजकीय क्रांतीने गिलोटिनवर चढवले.

हरितक्रांती हे नाव तर शेतात जन्मलेच नाही. अमेरिकेच्या परदेशी मदत विभागाचे प्रमुख विल्यम गॉड यांनी मार्च १९६८ मध्ये एका भाषणात ते वापरले, तेही 'लाल' क्रांतीशी तुलना करण्यासाठी. भारतातले गव्हाचे उत्पादन १९६४-६५ साली सुमारे १.२ कोटी टन होते, १९७०-७१ साली ते सुमारे २.४ कोटी टन झाले. ही वाढ खरी आणि मोठी आहे. पण तिच्यामागे बोरलॉग यांचे मेक्सिकोत १९४४ पासून चाललेले काम, बुटक्या जातींसाठी लागलेला जपानी गव्हाचा वाण, स्वामीनाथन आणि सहकाऱ्यांचे प्रयोग, कालव्याचे पाणी, खत आणि हमीभाव हे सारे होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या तूर-हरभऱ्यापर्यंत ती क्रांती पोचली नाही आणि पंजाबातल्या भूजलाने तिची किंमत मोजली. 'क्रांती' म्हटले की या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

टॉमस कून यांनी १९६२ साली वैज्ञानिक क्रांत्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हापासून हा शब्द विज्ञानाच्या चर्चेत फारच सैल वापरला जाऊ लागला. कून यांचे म्हणणे मात्र नेमके होते : क्रांती म्हणजे नुसता मोठा शोध नव्हे, तर प्रश्न कोणते विचारायचे हेच बदलणे. ही कसोटी लावली तर वर्तमानपत्रातल्या बऱ्याच क्रांत्या गळून पडतील.

शब्द टाकून द्यावा असे मुळीच नाही. धड्यात तो आला की थांबावे आणि मुलांना विचारू द्यावे : आधी काय होते, काय बदलले, किती वर्षे लागली, काय तसेच राहिले, कोणाच्या वाट्याला काय आले? क्रांती म्हणजे एका थोर माणसाचा एक दिवस, असे शिकलेल्या मुलाला तिच्यात आपल्याला काही काम आहे असे वाटतच नाही. ती शेकडो जणांनी, चुका करत, पावलापावलाने घडवली हे कळले, तर वाटेल.

आणि क्रांतिवृत्ताविषयी विचारणाऱ्या त्या मुलाला सांगावे, की तेथे कोणी काही उलथवले नाही. सूर्य रोज जेमतेम एक अंश पुढे सरकताना दिसतो, एवढेच. 'क्रम्' म्हणजे पाऊल, हे तेव्हा त्याच्या लक्षात राहील.