फ्रँकिया : जातिनामातील षष्ठी

आल्डर वृक्षाच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नायट्रोजन त्या वृक्षास उपलब्ध करून देणारा सूक्ष्मजीव व्होरोनिनने १८६६ मध्ये पाहिला. ब्रुनखोर्स्टने १८८६ मध्ये त्यास वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक यांच्या नावावरून ‘फ्रँकिया’ हे प्रजातिनाम दिले, तेही त्यास कवक समजून. तो जीवाणू असल्याचे पुढे निश्चित झाले. परंतु प्रयोगशाळेत त्याचे शुद्ध संवर्धन साधेना. नाव होते, नामीही होता; नामीस मुळापासून वेगळा काढून दाखविणे मात्र शक्य नव्हते. प्रस्तुत वर्गीकरणाचा मुख्य दोष या अवस्थेतूनच उद्भवला.

बेकिंगने १९७० मध्ये या प्रजातीच्या दहा जाती मानल्या. कोणता जीव कोणत्या वनस्पतीच्या मुळांवर गाठी उत्पन्न करतो, हा त्याचा निकष. आल्डरचा तो ‘आल्नाय’, सुरूचा तो ‘कॅझ्युअरिनी’, एलीॲग्नसचा तो ‘एलीॲग्नाय’. ही लॅटिन पदे षष्ठ्यन्त आहेत. संस्कृत वैयाकरण षष्ठीची गणना कारकांत करीत नाहीत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. षष्ठी संबंध सांगते. तो निवासाचा, उत्पत्तीचा की केवळ आढळाचा, हे ती एकटी सांगत नाही. बेकिंगने तिच्यावर लक्षणाचा भार टाकला. भाडेकऱ्याचे गोत्र घरमालकावरून ठरवावे, तसाच हा प्रकार! संवर्धनाच्या अभावी त्यास दुसरे साधन फारसे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण साधनाची उणीव हा निकषाच्या ग्राह्यतेचा पुरावा नव्हे.

कॅलहॅम, डेल ट्रेडिची व टॉरी यांनी १९७८ मध्ये कॉम्प्टोनिया या झुडपाच्या गाठींतून हा जीवाणू प्रथम संवर्धित केला. बेकिंगच्या मांडणीत कॉम्प्टोनियाचा जीव आल्डरच्या जीवाहून भिन्न जातीचा. प्रत्यक्षात हा वाण आल्डरच्या मुळांवरही गाठी उत्पन्न करू लागला. सीमारेषा तेथेच ढासळली.

२०१६ मधील सुधारित वर्गीकरणाने जिवंत प्रमाण वाण व संपूर्ण जीनोमची तुलना हे आधार घेतले, हा त्याचा निर्विवाद गुण. नावे मात्र जुनीच राहिली आणि त्यांतील षष्ठीचे बळ सर्वत्र सारखे नाही. सुरूवरील वाणांचे यजमान-क्षेत्र खरोखरच अरुंद आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अशा एका वाणाचा जीनोम सुमारे ५४ लाख आधारक-जोड्यांचा, तर एलीॲग्नसवरील एका वाणाचा सुमारे ९० लाखांचा आढळला. एलीॲग्नस-गटातील वाण ऱ्हॅम्नेसी कुलातील वनस्पतींच्या मुळांतही शिरतात. म्हणजे ‘कॅझ्युअरिनी’तील षष्ठी स्वामित्वाच्या जवळ जाते, ‘एलीॲग्नाय’मधील केवळ ओळखीपुरती उरते. हा भेद नावावरून कळत नाही. जातिवर्णनात तो स्पष्ट शब्दांत यावयास हवा होता.

डॅटिस्काच्या गाठींतील जीवाचा जीनोम २०११ मध्ये संवर्धनाविनाच वाचला गेला. प्रचलित संहितेस जिवंत वाण हवा, म्हणून त्याच्या नावामागे ‘कॅन्डिडेटस’ ही उमेदवारीची उपाधी लागली. जीनोमलाच नामाचा आधार मानणारी निराळी संहिता २०२२ मध्ये पुढे आली. उमेदवाराचे नाव तेवढे ‘डॅटिस्की’, पुन्हा षष्ठ्यन्तच.