प्रेक्षकाची जागा : नॉर्मन बेल गेडीसचे नेपथ्य

नॉर्मन बेल गेडीस (1893–1958) या अमेरिकन कलावंताच्या कारकिर्दीचे दोन भाग पाडण्याचा प्रघात आहे : आधी नेपथ्यकार, नंतर औद्योगिक वस्तूंचा रचनाकार. ‘होरायझन्स’ (1932) या त्याच्या ग्रंथातील निमुळत्या, वाऱ्याला वाट देणाऱ्या मोटारी, आगगाड्या आणि जहाजे यांच्या आराखड्यांमुळे ही विभागणी अधिकच दृढ झाली. ती सोयीची असली तरी एका महत्त्वाच्या सातत्याकडे दुर्लक्ष करणारी आहे. रंगभूमीवर आणि रंगभूमीबाहेर त्याच्या प्रमुख रचनांमागे एकच प्रश्न दिसतो : पाहणाऱ्याला कोठे बसवायचे?

मॅक्स राइनहार्टच्या ‘द मिरॅकल’साठी (1924) त्याने न्यूयॉर्कच्या सेंच्युरी थिएटरचे अंतरंगच कॅथीड्रलमध्ये रूपांतरित केले. रंगमंचाची चौकट विरून गेली आणि प्रेक्षक दृश्यासमोर न राहता दृश्यात सामावला. सिडनी किंग्जलीच्या ‘डेड एंड’मध्ये (1935) त्याने नेमके उलटे केले. ईस्ट नदीकाठची श्रीमंतांची वास्तू आणि तिला लागून असलेली गरिबांची जीर्ण घरे रंगमंचावर उभी होती. वादकांसाठीचा खड्डा म्हणजे नदी. वस्तीतील मुले त्यात उड्या घेत. प्रेक्षक जणू नदीच्या बाजूने, समपातळीवरून, ही विषमता पाहत होता.

चारच वर्षांनी, 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात, जनरल मोटर्ससाठी त्याने ‘फ्युचरामा’ उभारले. 552 सरकत्या खुर्च्यांतून प्रेक्षक 1960 सालच्या कल्पित अमेरिकेवरून जणू विमानातून नेला जाई. खाली सुमारे पाच लाख इमारतींची प्रतिकृती आणि धावणारे महामार्ग होते. एवढ्या विस्ताराची प्रतिकृती उंचीवरूनच पाहावी लागते, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु दृष्टिकोनाची निवड ही अर्थाचीही निवड असते. ‘डेड एंड’मधील माणसांचे चेहरे त्या उंचीवरून दिसणे शक्यच नव्हते. प्रवासाअखेर प्रेक्षक खुर्चीवरून उतरून पूर्णाकृती चौकात पाऊल ठेवी. येथे तो प्रथमच रंगमंचावर येत होता. पण त्या चौकात त्याच्यासमोर उभ्या होत्या त्या जनरल मोटर्सच्या मोटारी. नागरिक म्हणून त्याला दिलेली भूमिका ग्राहकाची होती.

‘मॅजिक मोटरवेज’मध्ये (1940) बेल गेडीसने हीच कल्पना विस्ताराने मांडली. 1956 च्या कायद्यानंतर अमेरिकेत पसरलेल्या महामार्गांचे जनकत्व त्याला बहाल करणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचा खरा प्रभाव अधिक सूक्ष्म आहे : भविष्य ही चर्चेने ठरवण्याची नव्हे, तर बसून पाहण्याची वस्तू आहे, ही सवय त्याने प्रेक्षकाला लावली.

संस्कृत नाट्यपरंपरेत ‘नेपथ्य’ म्हणजे पडद्यामागची जागा. त्या अर्थाने पाहता ‘फ्युचरामा’च्या नेपथ्यात गेली ती नदीकाठची वस्ती. बेल गेडीसच्या प्रतिभेचे मूल्यमापन करताना त्याने काय दाखवले याबरोबरच, कोणत्या जागेवरून काय दिसेनासे केले, हेही विचारावे लागते.