दादोबांचं आडनाव काय?

'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोलला छापलं गेलं. लेखक फादर थॉमस स्टीफन्स, मूळचे इंग्रज. पोर्तुगीजांसाठी तेच तोमास इश्तेव्हांव. ते 1619 मध्ये वारले, त्यांचं कोकणी व्याकरण निघालं 1640 मध्ये. एका ग्रंथालयाने इंग्रजी नाव धरलं, दुसऱ्याने पोर्तुगीज, की एका माणसाचे दोन लेखक झाले.

युरोपातल्या ग्रंथालयांनी 1850 पर्यंतच्या छापील पुस्तकांसाठी सर्ल थिसॉरस ही सामाईक नामसूची केली आहे. काळेवाडीत बसून फोनवर चाळता येते. तिची एक गोष्ट मला फार पटते: नावाचं कुठलंच रूप चूक ठरत नाही. ओळख क्रमांकाला, नावं सगळी नुसती लेबलं. डेटाबेसवाल्याला आणखी काय हवं?

खटकतं ते आपल्या एकोणिसाव्या शतकापाशी. ग्रंथालयांचा नेहमीचा साचा 'आडनाव, नाव'. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 चं. आडनाव तर्खडकर, पांडुरंग हे वडील. साच्यात घातलं की दादोबा आणि प्रार्थना समाजाचे आत्माराम, दोघे भाऊ, वडिलांच्या नावाखाली. 'दर्पण'चे बाळ गंगाधर शास्त्री जांभेकर तर 'शास्त्री' या उपाधीखाली जायचे. आणि 'प्रभाकर'चे भाऊ महाजन म्हणजेच गोविंद विठ्ठल कुंटे, हे अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला जन्मात कळणार नाही.

ते जोडायला मराठी वाचलेला माणूसच लागतो. शं. ग. दात्यांची 1800 ते 1937 ची मराठी ग्रंथसूची हाताशी आहे. सुरुवात तिच्यापासून करता येईल.